दोघींना मिळालेली एकच वेळ

रिसेप्शनच्या सोफ्यावर बसलेली मुलगी पाठमोरी होती, तरी वहिनीनं तिला मानेवरून ओळखलं. ती मान तिच्या नणंदेची होती, आणि मानेभोवतीचा निळा स्कार्फ वहिनीच्या स्वतःच्या कपाटातला होता.

"तू इथं काय करतेस?" वहिनीनं विचारलं.

नणंद ताडकन उभी राहिली. "तू इथं काय करतेस?"

"मी आधी विचारलं."

"मुलाखतीला आलेय."

"कुठल्या जागेसाठी?"

"टेस्टिंग लीड."

वहिनीनं पर्स सोफ्यावर टेकवली आणि सावकाश खाली बसली. "मीसुद्धा," ती म्हणाली.

घरात ही नणंद शेंडेफळ, म्हणून तिला सगळे बारकी म्हणत. आता ती तिशीला टेकली होती, तरी नाव काही मोठं झालं नव्हतं. वहिनी लग्न होऊन घरात आली तेव्हा बारकी शाळेत होती. वहिनी तेव्हाही टेस्टर होती, म्हणजे दुसऱ्यांनी बनवलेलं सॉफ्टवेअर उलटंपालटं करून वापरायचं, ते कुठे अडतं, कुठे चुकतं हे शोधायचं आणि बनवणाऱ्याला सांगायचं. बारकी अभ्यास सोडून तिच्या खुर्चीमागे उभी राहायची. "चुका काढायचे पैसे देतात तुला?" असं तिनं एकदा विचारलं, आणि देतात म्हटल्यावर आपलं पुढचं आयुष्य तिथंच ठरवून टाकलं. चुका काढण्यात ती मुळातच तरबेज आहे, वेगळं शिकायची गरज काय, असं तिची आई म्हणाली होती.

आज दोघींनीही घरी काहीच सांगितलं नव्हतं. वहिनीची कंपनी हिवाळ्यात विकली गेली. नव्या मालकांकडे त्यांचे टेस्टर होते, त्यामुळे जुन्यांना गोड बोलून निरोप दिला गेला. ती खचली वगैरे नव्हती. दोन ठिकाणी तर तिनंच नकार कळवला होता. पण प्रत्येक मुलाखतीनंतर दार उघडताच सासूबाई "काय झालं गं?" म्हणून विचारायच्या, पुढचे चार दिवस घरात सगळे हळू आवाजात बोलायचे, आणि तिला त्याचा वीट आला होता. बारकीचं निराळंच. तिच्या ऑफिसात काम ती करायची आणि साहेब ते स्वतःच्या नावावर खपवायचे. तिला तिथून निघायचं होतं, पण वहिनीच्या मदतीशिवाय. वहिनीला कळलं असतं तर तिनं आठवडाभर तयारी करून घेतली असती, आणि मग नातेवाइकांत झालं असतं की वहिनीनं चिकटवून दिलं.

"दादाला सांगितलं होतंस?" वहिनीनं विचारलं.

"फक्त त्यालाच. कुणाला सांगू नको म्हणून बजावलं होतं."

"मीही त्यालाच. मीही बजावलं होतं."

सकाळी दादानं, म्हणजे वहिनीच्या नवऱ्यानं, कुणी न सांगता दोघींचे कपडे इस्त्री करून ठेवले होते आणि चहा पिताना तो सारखा पेपराआड तोंड लपवत होता.

"घरी गेल्यावर बघते त्याला," वहिनी म्हणाली. "तुझी वेळ कितीची?"

"साडेअकरा."

"माझीही साडेअकराच आहे."

बारकीनं फाइल उचलली. "मग मी जाते. तुला जास्त गरज आहे."

"खाली बस," वहिनी म्हणाली. "गरज बघून कुणाला लीड करत नाहीत. तूही लायक आहेस, मीही आहे. आत गेल्यावर मी तुला ओळखत नाही आणि तू मला ओळखत नाहीस. जिला मिळेल तिला मिळेल."

"आणि अहो-जाहो करायचं?"

"करायचंच. आणि स्कार्फ नीट कर, तो माझा आहे."

ही कंपनी दवाखान्यांसाठी सॉफ्टवेअर बनवायची. रोग्यांनी फोनवरून डॉक्टरांची वेळ ठरवायची, ती डॉक्टरांच्या पडद्यावर दिसायची, असं सगळं. दोन वर्षांपूर्वी ती दोन खोल्यांत मावत होती. आता अख्खा मजला घेऊनही जागा पुरत नव्हती. कॉरिडॉरमध्ये टेबलं लागली होती, नव्या खुर्च्यांवरचं प्लॅस्टिक निघालं नव्हतं, आणि कुठेतरी भिंतीपलीकडे सुतार ड्रिल चालवत होता. एचआरमधली एक मुलगी धापा टाकत आली, दोघींना एकदम बघून थबकली, आणि हातातल्या टॅबवर दोन-तीनदा बोट फिरवून म्हणाली, "तुम्ही दोघी साडेअकराच्या?"

"हो," दोघी एकदम म्हणाल्या.

तिचा चेहरा पडला. ती आत गेली, परत आली आणि त्यांना एका खोलीत घेऊन गेली. खोलीत भिंतीला लागून मॉनिटरची खोकी छातीइतकी रचलेली होती. उरलेल्या जागेत एक टेबल, आणि टेबलाशी कंपनीचा संस्थापक. माणूस चाळिशीचा, शर्टाच्या बाह्या दुमडलेल्या, डोळे जागरणाचे पण आवाज मोकळा.

"माफ करा," तो म्हणाला. "दोघींना एकच वेळ गेलीय. एकीला थांबवलं तर दुपारचं सगळं कोलमडेल, कारण मोकळी खोली हीच एक आहे. चालणार असेल तर एकत्रच बोलू."

"मला चालेल," वहिनी म्हणाली.

"मलाही. ह्यांची हरकत नसेल तर," बारकी म्हणाली आणि तिनं वहिनीकडे इतक्या सभ्यपणे बघितलं की वहिनीला हसू आवरेना.

"माझ्याकडूनच काहीतरी चुकलं असणार," एचआरची मुलगी पुटपुटली. "मुलाखतींच्या वेळा आपण आपल्याच सॉफ्टवेअरवर देतो, त्यात असं होत नाही."

वहिनीनं मान वर केली.

संस्थापकानं सुरुवात केली. तुमचा सर्वांत मोठा दोष कोणता, हा प्रश्न त्यानं आधी वहिनीला विचारला.

"चूक दिसली की मला गप्प बसवत नाही."

"टेस्टरच्या बाबतीत हा दोष कसा?"

"ऑफिसात नाही. घरचे म्हणतात."

बारकीला खोकला आला. एचआरच्या मुलीनं तिच्यापुढे पाण्याची बाटली सरकवली.

"आणि तुम्ही?" संस्थापक बारकीकडे वळला. "पाच वर्षांनी स्वतःला कुठे बघता?"

"दोन वर्षांपूर्वी तुम्ही दोन खोल्यांत होता," बारकी म्हणाली. "आज इथं बसून मुलाखत घ्याल, खोक्यांच्या मधोमध, असं तेव्हा सांगता आलं असतं तुम्हाला? मलाही नाही येणार. पण जिथं असेन तिथं माझं काम माझ्या नावावर असेल, एवढं नक्की."

तो हसला. वहिनी हसली नाही. ती बारकीकडे बघतच राहिली. घरात ही मुलगी टीव्हीचा रिमोट कुठे ठेवला ते सांगू शकत नसे.

मग संस्थापकानं दोघींपुढे एकेक टॅब ठेवला. त्यावर कंपनीचं सॉफ्टवेअर होतं. दोघींनी ते वापरून बघायचं आणि जे खटकेल ते सांगायचं. बारकीनं टॅब ओढून घेतला. वहिनीनं हात लावला नाही.

"त्याआधी एक सांगू का?" ती म्हणाली. "वेळ ह्या मुलीनं दिली नव्हती. मला लिंक आली, त्यात मोकळ्या वेळा दिसत होत्या, साडेअकरा मी स्वतः निवडली. हिरवी खूण आली. तेव्हा हिच्या हातून चूक होणार कशी?"

एचआरच्या मुलीनं पहिल्यांदाच तिच्याकडे नीट पाहिलं.

"मीही स्वतःच निवडली," बारकी म्हणाली. "मलाही हिरवी खूण आली. सोमवारी."

"मलाही सोमवारीच. सोमवारी केव्हा?"

"संध्याकाळी. आत्ता नक्की आठवत नाही, पण मी आतल्या खोलीत होते, आणि तेवढ्यात आई..." बारकी थांबली.

वहिनीच्याही डोळ्यांपुढे सोमवारची संध्याकाळ उभी राहिली. ती गॅलरीत फोन घेऊन उभी होती, पडद्यावर साडेअकराची वेळ उघडी होती, आणि स्वयंपाकघरातून सासूबाई ओरडल्या होत्या. तिनं घाईघाईत बटण दाबलं, फोन खिशात टाकला आणि धावली. दारात बारकी तिच्यावर आदळली होती, तीही हातातला फोन सावरत.

"बारके, दूध," वहिनी म्हणाली.

"दूध उतू जात होतं," बारकी म्हणाली. "आपण दोघींनी एकदम दाबलं."

भिंतीपलीकडचं ड्रिल नेमकं तेव्हाच थांबलं.

"मला कुणी समजावून सांगेल का?" संस्थापक म्हणाला.

बारकीनं दीर्घ श्वास घेतला. "ह्या माझ्या वहिनी आहेत. आम्ही एका घरात राहतो. दोघी इथं येणार हे एकमेकींना माहीत नव्हतं, ते आम्हाला बाहेरच्या सोफ्यावर कळलं. लपवायचं ठरवलं, कारण नातं बघून कुणी निर्णय घेऊ नये असं वाटलं. लपवायला नको होतं. पण आत्ता ते बाजूला ठेवा. आम्ही एकाच क्षणी एकच वेळ मागितली आणि तुमच्या सॉफ्टवेअरनं दोघींना ती दिली."

संस्थापकानं मुख्य प्रोग्रॅमरला बोलावलं. तो तरतरीत, दाढी राखलेला गृहस्थ होता. जेवणाचा डबा उघडता उघडता उठून आला होता आणि ते त्याला आवडलेलं नव्हतं. सगळं ऐकून त्यानं मान हलवली.

"असं होऊच शकत नाही. एकानं वेळ घेतली की दुसऱ्याला ती दिसतच नाही."

"नव्यानं बघणाऱ्याला दिसत नाही," वहिनी म्हणाली. "पण ज्याच्या पडद्यावर आधीपासून उघडी आहे, त्याचं काय?"

"त्यालाही नकार जातो."

"करून बघू."

दोघींनी दोन टॅबवर एकाच डॉक्टरची एकच वेळ उघडली. संस्थापकानं तीन म्हटल्यावर दोघींनी बटण दाबलं. वहिनीच्या टॅबवर हिरवी खूण आली, बारकीच्या टॅबवर लाल. प्रोग्रॅमरनं हात पसरून, बघा, अशी खूण केली.

"तू मागे राहिलीस," वहिनी म्हणाली.

"तू आधी दाबलंस. तुला नेहमीच घाई असते."

"बारके, आई ओरडतायत असं समज आणि दाब."

दुसऱ्यांदाही तसंच झालं. तिसऱ्यांदा दोघींची बोटं नेमकी बरोबर पडली, आणि दोन्ही टॅबवर हिरवी खूण उमटली. एकच डॉक्टर, एकच वेळ, दोन रोगी. त्यांनी आणखी एकदा केलं. पुन्हा हिरवी, हिरवी.

"गेल्या महिन्यात तीन दवाखान्यांनी हीच तक्रार केली होती," एचआरची मुलगी हळूच म्हणाली. "तुमच्या रिसेप्शनवाल्यांनी काहीतरी गोंधळ केला असेल, असं आपण त्यांना कळवलं."

संस्थापकानं कपाळावरून हात फिरवला.

"म्हणजे हे तुमच्याकडे कधी कुणी तपासलंच नाही," वहिनी म्हणाली. "दोन माणसं एकदम येतील ही अगदी पहिली शक्यता. ती सोडून तुम्ही दवाखान्यांना दोष देत बसलात."

तिचं म्हणणं खरं होतं. प्रोग्रॅमरनं मात्र हाताची घडी घातली, आणि त्याचा चेहरा बंद खिडकीसारखा झाला. वहिनीनं असे चेहरे पुष्कळ पाहिले होते. ती पुढचं वाक्य जुळवत होती, तेवढ्यात बारकीनं खुर्ची उचलून त्याच्या शेजारी ठेवली.

"हे तपासायला एका वेळी दोन माणसं लागतात," ती त्याला म्हणाली. "आणि दोघांची बोटं एकदम पडावी लागतात. आम्हालासुद्धा तिसऱ्यांदा जमलं. तुमच्याकडे टेस्टर किती आहेत?"

"एक," प्रोग्रॅमर म्हणाला. "तोही अर्धा वेळ. माणसं वाढवा म्हणून मी वर्षभर घसा कोरडा करतोय."

"मग तो बिचारा काय काय बघणार? मला फक्त एवढं सांगा, वेळ मोकळी आहे की नाही हे तुम्ही नेमकं कधी बघता?"

"पान उघडताना." तो थांबला. "आणि बटण दाबल्यावर पुन्हा. पण बघणं आणि नोंद करणं ह्यांत थोडी फट राहते. अगदी थोडी." त्यानं हाताची घडी सोडली, खिशातून पेन काढलं आणि मॉनिटरच्या खोक्यावरच दोन चौकोन काढले. "नोंद करतानाच कुलूप लावायला हवं. इथं. आजच करता येईल."

"डबा खाऊन करा," बारकी म्हणाली.

तो हसला आणि जाताना वहिनीलाही म्हणाला, "चांगलं पकडलंत."

वहिनी खुर्चीला टेकून बसली. ती पुढचं वाक्य बोलली असती, तर हा माणूस रागानं निघून गेला असता आणि ही चूक महिनाभर तशीच राहिली असती, हे तिला स्वच्छ दिसलं. शोधण्यात ती स्वतः बारकीच्या दोन पावलं पुढे होती. पण शोधलेलं समोरच्याच्या गळी उतरवायचं कसब बारकीकडे होतं, आणि ते वहिनीनं तिला शिकवलं नव्हतं. तिला अभिमान वाटला, आणि थोडं टोचलंही. दोन्ही तिनं तसंच राहू दिलं.

शेवटी संस्थापक दोघींशी एकेकटं बोलला. आधी बारकीशी, मग वहिनीशी.

"लीडची जागा एकच आहे," तो म्हणाला. "तुमचा अनुभव जास्त आहे. तुम्ही माझ्या जागी असता तर काय केलं असतं?"

वहिनी ह्या प्रश्नाला तयार नव्हती, पण उत्तर तिच्याकडे होतं. "मी ती जागा मागायला आले होते, आणि मिळाली तर उत्तम चालवीन. पण मघाशी तुम्ही बघितलंत. माणसं ती माझ्यापेक्षा चांगली सांभाळते. हे मी घरी बोलून दाखवणार नाही, तुम्हीही तिला सांगू नका."

"म्हणजे तुम्ही मागे हटताय?"

"मुळीच नाही. मी दुसरी जागा मागतेय. तुमचं काहीही दवाखान्यात जाण्याआधी माझ्या हाताखालून जाईल. मी हो म्हटलं तरच बाहेर पडेल. पगार लीडइतकाच, आणि मी थेट तुम्हाला बांधील, कुठल्याही टीमला नाही."

"अशी जागा आमच्याकडे नाही."

"दोन वर्षांपूर्वी लीडचीही नव्हती."

तो बराच वेळ पेनाचं टोपण उघडत-लावत राहिला. मग, कळवतो, म्हणाला.

घरी परतल्यावर दादाची सुनावणी झाली. "दोघींनी शपथा घातल्या," तो म्हणाला. "एकीला सांगितलं असतं तर दुसरीची मोडली असती. मी करणार काय होतो?" सासूबाईंना सगळा प्रकार नीट समजायला वेळ लागला. समजल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, "म्हणजे ते दूध माझ्यामुळे कामाला आलं. आणि तुम्ही दोघी मला तेव्हा बोलला होतात."

दोनच दिवसांत बारकीला पत्र आलं. लीडची जागा तिला मिळाली होती. वहिनीला काहीच आलं नाही. बारकी फोन हातात धरून स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली.

"तुझं कळेपर्यंत मी हो म्हणणार नाही."

"का?" वहिनीनं भाजी चिरता चिरता विचारलं.

"बरं दिसत नाही."

"कुणाला? तुझं काम तुझ्या नावावर हवं, असं त्यांना छातीठोक सांगितलंस. मग आता माझं नाव मध्ये कशाला घालतेस? आत्ता इथं, माझ्यासमोर कळव."

बारकीनं कळवलं. वहिनीनं सुरी बाजूला ठेवली, हात पुसले आणि तिला जवळ घेतलं. त्या दिवशी घरात कुणी हळू आवाजात बोललं नाही.

आठवड्यानं संस्थापकाचा फोन आला. वहिनीला घ्यायचं ठरलं होतं, पण बारकीच्या हाताखाली सीनियर टेस्टर म्हणून. बाकीचं पुढे बघू, असं तो म्हणाला.

"नको," वहिनी म्हणाली. "रोज सकाळी तिला अंथरुणातून मी उठवते. ऑफिसात तिनं माझं काम तपासायचं, हे तिलाही जड जाईल आणि मलाही. मी सांगितलेली जागा काढलीत तर येईन. नाहीतर राग नाही, तुमचं काम चांगलं चाललंय, चालू द्या."

तिनं फोन ठेवला. दादा समोरच बसला होता.

"गेली हातची," तो म्हणाला.

"गेली तर गेली. दुसरीकडे बुधवारी बोलावलंय," वहिनी म्हणाली, आणि खरोखरच बुधवारी तिकडे जाऊन आली. ते लोक तिला घ्यायला तयारही झाले. त्यांचं पत्र हातात असताना संस्थापकाचा दुसरा फोन आला. आणखी एका दवाखान्यानं तक्रार केली होती, ह्या वेळी औषधांच्या आठवणीची सूचना भलत्याच रोग्याला गेली होती. मुख्य प्रोग्रॅमर स्वतः त्याच्याकडे जाऊन म्हणाला होता की त्या बाईंना आणा, नाहीतर आपण असेच पकडले जाऊ.

"तुमच्या अटी लेखी पाठवतो," संस्थापक म्हणाला.

"पाठवा. वाचून कळवते," वहिनी म्हणाली. तिनं अटी दोनदा वाचल्या, एक शब्द बदलून मागितला, आणि मग होकार कळवला.

पहिल्याच महिन्यात तिनं बारकीच्या टीमचं काम परत पाठवलं. तारीख बदलली की रोग्याचं नाव गायब होत होतं, आणि असं आणखी बरंच काही. बारकीचं उत्तर आलं, ते अगदी रीतसर होतं. सुरुवातीला मॅडम, शेवटी आपली नम्र. संध्याकाळी ती घरी आली, बूट काढले आणि थेट आपल्या खोलीत गेली. सासूबाईंनी वहिनीकडे बघितलं. वहिनीनं खांदे उडवले आणि ताटं घेतली.

जेवण निम्म्यावर आलं तरी बारकी बोलेना. दादा आळीपाळीनं दोघींकडे बघत होता. शेवटी बारकीनं पाण्याचा पेला खाली ठेवला.

"ते नाव गायब होतं, ते फक्त महिना बदलला तरच होतं ना?"

"वर्ष बदललं तरी होतं," वहिनी म्हणाली.

"वर्ष मी बघितलंच नाही." बारकीनं खुर्ची तिच्या बाजूला सरकवली. "जेवण झालं की दाखव मला."